परसातली लाकडी खोली, तिथलं ऑफिस आणि भिंतीत साठणारी वाफ

परसातला | ९ फेब्रुवारी, दुपारी

नमस्कार मंडळी,

घरून काम करण्याच्या धाग्यावर मी बागेतल्या ऑफिसचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हा दोघातिघांनी सविस्तर लिहा म्हणून सांगितलं, म्हणून हा वेगळा धागा. बाहेर पाऊस भुरभुरतोय आणि मी त्याच खोलीत बसून लिहितोय. बाहेर ४ अंश, आत १९. हीटर तासाभरापूर्वी बंद केलाय.

आम्ही लंडनच्या वायव्येला, हॅरोच्या बाजूला राहतो. इकडच्या बहुतेक जुन्या घरांसारखं एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं घर आणि मागे अरुंद, लांबट बाग. घरात दोन मुलं. आई-बाबा वर्षातले चार-पाच महिने इथे असतात. माझं काम म्हणजे दिवसभर फोनवर बोलणं. आई बिचारी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसजवळ उभी राहायची, ते बघवेना. म्हणून बागेत खोली करायचं ठरवलं.

आज चांगली दिसणारी ही खोली दुसरी आहे. पहिली मी माझ्या हाताने नासवली. ती कशी नासली ते आधी सांगतो, कारण या धाग्यावरून कुणी एकच गोष्ट नेणार असेल तर ती हीच न्यावी.

पहिल्या वेळी आयती शेड घेतली. ८ फूट बाय १० फूट, १२ मिलिमीटरच्या फळ्या, वर डांबरी फेल्ट. अशा शेड गवत कापायचं मशीन आणि कुंड्या ठेवायला केलेल्या असतात, माणसाने बसायला नव्हे. मी फळ्यांच्या आतल्या बाजूला २५ मिलिमीटरचे पीआयआर बोर्ड (दोन्हीकडून चांदीचा कागद लावलेले फोमचे पिवळट बोर्ड) थेट चिकटवले, फटींत स्प्रे फोम मारला, वरून प्लाय ठोकला. छपराला आतून इन्सुलेशनची लोकर दाबून बसवली. ऑक्टोबरात खोली छान उबदार वाटली. मी खूश.

जानेवारीत आई एकदा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. म्हणाली, "अरे, इथे कुबट वास येतोय. कुठेतरी सर्द धरलीय." मी रोज आत बसणारा, मला वासाची सवय झालेली. त्या शनिवारी टेबलामागचा प्लाय उचकटला. बोर्डाच्या मागे फळी काळी पडली होती आणि बोट दाबलं तर लाकडात बोट रुततंय इतकी मऊ. छपराची लोकर ओढली तर ती पिळण्याइतकी ओली. आणि वर फेल्ट ठोकलेल्या खिळ्यांची टोकं फळीतून आत आली होती, त्या प्रत्येक टोकावर पाण्याचा एकेक थेंब लटकत होता. शे-दीडशे थेंब, ओळीने. छप्पर गळत नव्हतं, आठवडाभर पाऊसही नव्हता. ते पाणी माझ्या श्वासाचं होतं.

नंतर हिशोब मांडला. २० अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ५ अंशाच्या हवेत ७ ग्रॅमच्याही आत. माझ्या शेडमध्ये साधारण १४ घनमीटर हवा, म्हणजे सगळी मिळून २४० ग्रॅम वाफ मावणार. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आठ तासांत ३२० ते ४०० ग्रॅम. शिवाय चहाचा वाफाळता कप, ओलं जाकीट. खोली मी फोमने अशी बंद केलेली की हवा बदलायला वाटच नाही. मग ती वाफ बोर्डांच्या सांध्यांतून मागे सरकायची, थंड फळीला लागून पाणी व्हायची, आणि तिथून बाहेर पडायला पुन्हा वाट नाही. बाहेरून पावसाने भिजलेली फळीसुद्धा पूर्वी आतल्या बाजूने वाळायची. तो रस्ताही मीच बोर्ड चिकटवून बुजवला होता.

म्हणजे ऊब अडवणं सोपं आहे, दुकानात जाऊन बोर्ड आणला की झालं. खरा विचार करायचा तो वाफेचा: ती कुठून निघते, कुठे थंड पृष्ठभाग गाठते आणि तिथून वाळून जायला तिला वाट आहे का.

दुसरी खोली मी आणि एका ओळखीच्या सुताराने मिळून शून्यापासून बांधली. आतून ४ मीटर बाय ३ मीटर. भिंतीचे थर आतून बाहेर असे: प्लास्टरबोर्ड, त्यामागे जाड पॉलिथिनचा सलग कागद, मग ४ इंची लाकडी उभे आणि त्यांच्या मधे ७५ मिलिमीटरचे पीआयआर बोर्ड, त्यावर ओएसबी (लाकडाच्या चपट्या ढलप्या दाबून केलेला बोर्ड), त्यावर ब्रेदर मेम्ब्रेन, त्यावर २५ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या आणि शेवटी बाहेरच्या फळ्या. पॉलिथिन उबदार बाजूला आहे, कारण वाफेला थंड जागेपर्यंत पोचूच द्यायचं नाही. मेम्ब्रेन पाण्याचा थेंब आत घेत नाही पण वाफ बाहेर सोडतो, म्हणजे चुकून काही वाफ भिंतीत शिरलीच तर ती निघून जाते. आणि पट्ट्यांमुळे फळ्यांच्या मागे जी फट राहते ती खाली-वर उघडी आहे, फक्त किडे शिरू नयेत म्हणून जाळी. त्या फटीतून वारा फिरतो आणि भिजलेली फळी दोन्ही बाजूंनी वाळते. ही फट म्हणजे जागा फुकट घालवणं असं सुताराचंही मत होतं. मी त्याला जुन्या शेडची काळी फळी आणून दाखवली.

पॉलिथिनचे सांधे टेपने बंद करायला मला पूर्ण दोन संध्याकाळ लागल्या. स्विचचे डबे, खिडकीच्या कडा, जमिनीचा कोपरा, जिथे कागद कापला तिथे टेप. कंटाळवाणं काम आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नका. दुसऱ्याला ती काळी फळी आठवत नसते.

छपराला बोर्ड वाशांच्या वर घातलेत आणि त्यावर ईपीडीएम रबराची एकसंध चादर. बोर्ड वाशांच्या मधे घातले असते तर वर ५० मिलिमीटरची हवेची फट आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवावे लागले असते. वरून बोर्ड घातले की सगळं लाकूड उबदार बाजूला राहतं आणि फटीची गरज पडत नाही. तोटा उंचीचा. इंग्लंडमध्ये हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधायचं असेल तर परवानगीशिवाय एकूण उंची २.५ मीटरच्या वर जाता येत नाही, आणि आमच्या अरुंद बागेत दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे आतली उंची पुढे जेमतेम २ मीटर ५ सेंटीमीटर, मागे उताराने थोडी कमी. माझा उंच भाऊ आला की मान तिरपी करतो.

उपयोग किती झाला? उघड्या फळीच्या भिंतीतून आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे ३ वॅट उष्णता निघून जाते. आताच्या भिंतीतून ०.४ वॅटच्याही कमी. भिंती आणि छप्पर मिळून ४० चौरस मीटर धरा, बाहेर ५ आणि आत २०. पहिल्या प्रकारात नुसत्या भिंती-छपरातून १८०० वॅट, दुसऱ्यात २४०. खिडकी, जमीन आणि हवा बदलण्याचे वेगळे, पण १ किलोवॅटचा साधा पॅनल हीटर पुरून उरतो.

हवा बदलायची म्हटलं की लोक घाबरतात, एवढी ऊब केली ती घालवायची का म्हणून. घालवायची. खिडकीच्या वरच्या चौकटीत झरोका आहे, तो मी हिवाळाभर उघडा ठेवतो. दुपारी जेवायला जाताना दोन्ही खिडक्या दहा मिनिटं सताड उघडतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र टेबलावर आहे, ते ६० टक्क्यांच्या वर गेलं की मला चैन पडत नाही.

बाकी पाया, वीज वगैरे विचाराल तसं लिहीन.


जाईजुई | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी

खिळ्यावरचे थेंब वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेडमध्ये अगदी हेच आहे आणि आम्ही दोन वर्षं छप्पर गळतंय म्हणून वरून डांबर फासतोय!

दोन प्रश्न. परवानगीचं नक्की काय? आमची नवी वसाहत आहे, शेजारी म्हणतो काही लागत नाही. आणि खर्च किती आला, सांगण्यासारखा असेल तर?


परसातला | ९ फेब्रुवारी, रात्री

जाईजुईताई, डांबर थांबवा आणि आधी एक झरोका पाडा.

परवानगीबद्दल इंग्लंडपुरतं सांगतो, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. एकमजली हवी, घराच्या पुढच्या भिंतीच्या पुढे येता कामा नये, आणि अशी सगळी बांधकामं मिळून मूळ घराभोवतीच्या जमिनीच्या निम्म्यापेक्षा जास्त जागा व्यापू नयेत. २ मीटरच्या आत असाल तर २.५ मीटर उंची. हद्दीपासून लांब असाल तर दोन्ही बाजूंना उताराचं छप्पर ४ मीटरपर्यंत, इतर प्रकारचं ३ मीटरपर्यंत, मात्र वळचणीची उंची २.५ मीटरच. उंची मोजायची ती लगतच्या जमिनीच्या सगळ्यात उंच भागापासून. आमच्या बागेला चढ आहे, त्यामुळे मला हा नियम फायद्याचा पडला. ३० सेंटीमीटरपेक्षा उंच ओटा मात्र समोर करू नका.

पण तुमची वसाहत नवी आहे म्हणून शेजाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. काही नव्या वसाहतींना मूळ परवानगी देतानाच कौन्सिलने ही सवलत काढून घेतलेली असते. घराच्या कागदांत ती अट बघा, किंवा सरळ कौन्सिलला विचारा. फ्लॅटला ही सवलत मुळातच नाही. आणि खोलीत कुणी झोपणार असेल तर सगळंच बदलतं. १५ चौरस मीटरच्या आतल्या आणि झोपायला न वापरायच्या खोलीला बांधकामाचे नियम सहसा लागत नाहीत, म्हणून मी १२ वर थांबलो. बाबांची फार इच्छा होती तिथे पलंग टाकायची, त्यांना नाही म्हणावं लागलं.

खर्च साधारण साडेनऊ हजार पौंड. त्यातले दीड हजार विजेचे. पहिल्या शेडवर घातलेले वेगळे, ते सगळे पाण्यात गेले.


हिमाळ | १० फेब्रुवारी

मी मिनेसोटात आहे. तुमच्या खिळ्यांवर थेंब होते, आमच्याकडे बर्फाचे दाणे असतात. उणे २५ ला आतली वाफ छपराच्या खिळ्यांवर गोठत जाते, तीन महिने साठते आणि मार्चमध्ये एक दिवस ऊन पडलं की सगळं एकदम वितळून टपटप खाली. आमच्या एका मित्राचा कॉम्प्युटर असाच गेला. त्यालाही वाटलं छप्पर गळलं.

इथल्या थंडीत उबदार बाजूचं पॉलिथिन लावलं नाही तर भिंत एक हिवाळासुद्धा धड काढत नाही. तुम्ही म्हणता तसं टेपचं काम स्वतः करा, याला दुजोरा.

पाया कसा केलात? इथे दक्षिण मिनेसोटातसुद्धा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि अख्खी खोली वर उचलते.


परसातला | १० फेब्रुवारी

४२ इंच! आमच्याकडे गोठण्याचा त्रास त्यामानाने काहीच नाही, पण मातीचा आहे. लंडनखालची चिकणमाती आपल्या देशावरच्या काळ्या मातीची बहीणच समजा. पावसाळी महिन्यांत फुगते, कोरड्या उन्हाळ्यात भेगाळते. जवळ मोठं झाड असेल तर ते पाणी ओढून घेतं आणि भेगा आणखी रुंदावतात. बाबा शेतकऱ्याच्या घरातले, त्यांनी पहिल्याच दिवशी ढेकूळ हातात घेऊन चुरडलं आणि म्हणाले, "ही तर आपलीच जमीन. हिच्यावर सपाट कोबा टाकलास तर तडकेल."

म्हणून लोखंडी स्क्रू पाईल घेतल्या. जमिनीत फिरवून बसवायचे मोठे स्क्रू, एकूण १२. एका दिवसात काम झालं, खणणं नाही, काँक्रीट नाही. खोली जमिनीपासून थोडी उचललेली राहते आणि खालून वारा फिरतो. मात्र सगळ्या बाजूंनी बारीक लोखंडी जाळी लावा. लंडनचे कोल्हे शेडखाली बिळं करतात आणि उंदीर तर फोम कुरतडून त्यात घर करतात.


वऱ्हाडचंऊन | १२ फेब्रुवारी

नमस्कार, नागपूरहून लिहितोय. धागा वाचला आणि तुमचा हेवा वाटला, कारण आमची गरज बरोब्बर उलटी आहे. वाड्याच्या मागे वडिलांनी पूर्वी गोदाम म्हणून टिनाचं शेड उभारलं होतं, १२ बाय १५. विटांच्या भिंती, वर साधा टिन. तिथे मला माझं अकाउंटचं काम हलवायचं आहे. मेमध्ये आमच्याकडे ४५-४६ नित्याचं. दुपारी त्या टिनाखाली उभं राहिलं की टाळूवर कुणी तवा धरल्यासारखं होतं. माझ्याकडचा कारागीर म्हणतो टिनाला आतून थर्माकोल चिकटवून देतो, स्वस्तात होईल. करू का? आणि तुमच्यासारखा पॉलिथिनचा कागद लावू का?


धाब्याखाली | १२ फेब्रुवारी

वऱ्हाडचंऊन, उघडा थर्माकोल टिनाला अजिबात चिकटवू नका, हात जोडून सांगतो. आमच्या ओळखीच्या एका दुकानात शॉर्टसर्किट झालं, थर्माकोल वितळून पेटते थेंब खाली पडत होते. माणसं वाचली कारण दार उघडं होतं. फोम कुठलाही असो, त्याच्या खाली जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड असा न पेटणारा थर पाहिजेच.

दुसरं, टिनाचा त्रास समजून घ्या. उन्हात टिन ६० अंशांच्या वर जातो आणि खालच्या माणसावर उष्णता फेकत राहतो. तुम्हाला जे टाळूवर जाणवतं ते हेच. तेव्हा पहिला उपाय टिनाच्या वरून करायचा, खालून नंतर. उष्णता आत आल्यावर अडवण्यापेक्षा टिनाला तापूच न दिलेलं बरं.

मी मूळचा खानदेशचा. आमचं धाब्याचं घर होतं. सागाचे सर, त्यावर लाकडी पाट्या, त्यावर काड्यांचा थर आणि वर वीतभर-दीड वीत पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीतून झिरपत खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, तोवर आम्ही धाब्यावर अंथरुणं टाकून झोपलेले. टिनाला ना जाडी ना वजन, त्यामुळे ऊन आलं की पाच मिनिटांत खाली. धाबं आज कुणी बांधणार नाही, दरवर्षी पावसाआधी माती घालायला माणसं कुठून आणणार. पण त्यातलं तत्त्व घ्या.

टिनाला वरून पांढरा चुना किंवा उन्हं परतवणारा पांढरा रंग द्या. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये अशा थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. त्यानंतर जमलं तर टिनाखाली फूटभर मोकळी जागा सोडून फॉल्स सीलिंग, त्यावर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), आणि त्या मोकळ्या जागेला दोन्ही टोकांना जाळी. गरम हवा वरच्या वर निघून जाईल.


परसातला | १२ फेब्रुवारी

धाब्याखाली यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. ती मोकळी जागा म्हणजे माझ्या फळ्यांमागच्या फटीची थोरली बहीण.

वऱ्हाडचंऊन, माझा पॉलिथिनचा थर मात्र जसाच्या तसा उचलू नका. तुम्ही कूलर वापरणार ना? कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, तिला निघून जायला समोरची खिडकी उघडी लागते. खोली बंद केलीत तर अर्ध्या तासात चिकचिक होईल. तुमच्याकडे भिंती वीट-मातीच्या आहेत, त्यांना श्वास घेऊ द्या. पैसा छपरावर घाला.


चिरेबंदी | १४ फेब्रुवारी

पॉलिथिनचा विषय निघालाच आहे तर आमची गोष्ट ऐका. गोव्यात डिचोलीजवळ आमचं चिऱ्याचं घर, मागे पोफळी. परसात आम्ही हलक्या पॅनलची खोली केली. घरातलाच एक भाचा परदेशात शिकून आलेला, त्याने हौसेने भिंतीला आतून पॉलिथिन लावलं, अगदी तुम्ही लावलंत तसं. मग एसी बसवला, २२ वर लावायचो.

पहिल्याच पावसाळ्यात प्लाय फुगला. उघडून बघितलं तर पॉलिथिनच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे ओघळ. आपल्याकडे आषाढात बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के, म्हणजे २६ अंशाच्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेचं पाणी होणार. एसीने आतली बाजू २२-२४ केलेली. लंडनला वाफ आतून बाहेर धावते, आमच्याकडे बाहेरून आत. कागद आतून लावला की तिला नेमकं थंड बाजूला अडवून ठेवल्यासारखं झालं.

आम्ही कागद काढून टाकला. एसी आता २६ वर ठेवतो, छपराची पडवी चारही बाजूंनी तीन फूट पुढे काढली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. दोन पावसाळे झाले, भिंत कोरडी आहे. आजी आधीपासून सांगत होती की पडवी काढा, आम्हाला तेव्हा ते जुन्या घराचं खूळ वाटलं.


परसातला | १४ फेब्रुवारी

चिरेबंदी, हा प्रतिसाद मूळ लेखात जोडायला हवा. मी वर "उबदार बाजूला पॉलिथिन" लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे फक्त इथला हिवाळा होता. पुण्या-मुंबईचं कुणी वाचून तसंच करायला गेलं असतं तर त्याची भिंत मी नासवली असती. संपादकांना विनंती करून वर टीप टाकतो.


झीरोचादिवा | १६ फेब्रुवारी

मी इंग्लंडमध्ये नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन आहे, विजेचं राहिलंय ते लिहितो.

घरातून बागेतल्या खोलीला नवं सर्किट न्यायचं म्हणजे इथल्या बांधकामाच्या नियमांतला पार्ट पी, म्हणजे घरातल्या विजेच्या सुरक्षेचा भाग, लागू होतो. नोंदणीकृत माणसाकडून करून घ्या, तो प्रमाणपत्र देतो. घर विकताना वकील ते मागतात. एक्स्टेन्शनची वायर खिडकीतून गवतावरून नेणारी घरं मी दर आठवड्याला बघतो. ओल्या गवतात तिची साल कधी सोलवटते ते कळतही नाही.

केबल आर्मर्ड (आवरणात पोलादी तारांचं चिलखत असलेली) हवी, जमिनीत साधारण ६०० मिलिमीटर खोल, वर पिवळी इशारापट्टी. केबलची जाडी अंतरावर आणि हीटरच्या भारावर ठरते, अंदाजाने घेऊ नका. खोलीतल्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, भारतात आरसीसीबी म्हणतात तो) पाहिजे. अर्थिंग घराचंच न्यायचं की खोलीजवळ वेगळा रॉड ठोकायचा हे जागेवर मोजूनच ठरवता येतं.

आणि इन्सुलेशनशी संबंध असलेल्या दोन गोष्टी, ज्या बांधणारे विसरतात. पीव्हीसीची वायर थर्माकोलला चिकटून ठेवू नका. वायरच्या आवरणातला मऊपणा देणारा पदार्थ थर्माकोल शोषून घेतो, वायर काही वर्षांत कडक होऊन तडकते. मधे नळी घाला. दुसरं, बोर्डांत गाडलेल्या वायरीला थंड व्हायला जागा नसते, म्हणून तिच्यातून नेहमीपेक्षा कमी करंट न्यावा लागतो. हीटरची वायर एक माप जाड घ्या.


जाईजुई | १६ फेब्रुवारी

झीरोचादिवा, आमची एक्स्टेन्शनची वायर गवतावरूनच जाते. उद्याच काढते.

वायफायचं काय करता सगळे? आमच्याकडे शेडचं दार लावलं की मीटिंग तुटते.


परसातला | १६ फेब्रुवारी

चांदीच्या कागदामुळे. माझी खोली सहाही बाजूंनी त्या बोर्डांत गुंडाळलेली आहे, आत वायफाय मेल्यातच जमा होतं. आर्मर्ड केबल घालताना त्याच चरात थोडं अंतर सोडून वेगळ्या नळीतून नेटवर्कची केबल घाला आणि आत छोटा राऊटर ठेवा. नळीत एक दोरी ओढून ठेवा, पुढे काही घालायचं झालं तर पुन्हा खणावं लागत नाही. आमची बाग दुसऱ्यांदा खणली तेव्हा आईची लावलेली मेथी गेली, म्हणून आवर्जून सांगतोय.


वऱ्हाडचंऊन | २१ एप्रिल

मंडळी, सव्वादोन महिन्यांनी हजेरी लावतोय. सगळ्यांचे सल्ले ऐकले. थर्माकोलवाल्याला परत पाठवलं.

मार्चमध्ये शेडच्या अर्ध्याच टिनाला चुना मारला, त्यात फेविकॉल आणि थोडं मीठ घालून दोन हात. अर्धा मुद्दाम तसाच ठेवला, घरच्यांना पटवायचं होतं म्हणून. आज दुपारी अडीचला बाहेर ४३ होतं. शिडी लावून टिनाला आतून हात लावला. चुन्याच्या बाजूला तळहात टेकवून ठेवता येतो. दुसऱ्या बाजूला टेकवला आणि लगेच काढावा लागला. मुलाने ताप मोजायच्या बंदुकीसारखं एक यंत्र मागवलं आहे, त्यावर इकडे ४८ आणि तिकडे ६१ दिसलं. वडील खाली उभे होते. आधी इकडे, मग तिकडे जाऊन उभे राहिले, परत इकडे आले आणि म्हणाले, "उद्या उरलेलं मारून घे."

फॉल्स सीलिंगचं काम पुढच्या आठवड्यात. मोकळी जागा एक फूट ठेवतोय, पण टिनाला पूर्व-पश्चिम उतार आहे आणि वारा आमच्याकडे उन्हाळ्यात वायव्येकडून येतो. जाळी कोणत्या दोन टोकांना ठेवू?


धाब्याखाली | २१ एप्रिल

त्रिकोणी भिंती उत्तर-दक्षिणेला आल्या ना? मग एक जाळी उत्तरेच्या भिंतीत जरा खाली, दुसरी दक्षिणेच्या भिंतीत जेवढी उंच नेता येईल तेवढी. वारा असला तर आरपार जाईल, नसला तरी गरम हवा वरच्या जाळीतून निघेल. जाळी बारीक घ्या, नाहीतर जूनपर्यंत चिमण्या आणि पालींचं बिऱ्हाड होईल. आणि पावसाआधी त्यावर झुकतं पत्र्याचं झाकण बसवायला विसरू नका.


वऱ्हाडचंऊन | २१ एप्रिल

उत्तर-दक्षिणच आहेत. झाकणाचं माप घेतो सकाळी, ऊन चढायच्या आत.